ओरिगामीतला ‘गा’ कुठून आला?

कागदाचा चौकोनी तुकडा घेऊन त्याचा पक्षी कसा करायचा हे आपण वर्गात शिकवतो, तेव्हा त्या कलेचे जपानी नावही मुलांना सांगतो : ओरिगामी. या शब्दाची फोड करायला गेले, की एक अडचण येते. ‘ओरी’ म्हणजे घडी आणि ‘कामी’ म्हणजे कागद. मग जोडशब्द ‘ओरिकामी’ व्हायला हवा होता. ‘का’चा ‘गा’ कसा झाला?

आता जगभर माहीत झालेला दुसरा एक जपानी शब्द घेऊ. ‘कामी’ म्हणजे देव (हा ‘कामी’ कागदाहून निराळा) आणि ‘काझे’ म्हणजे वारा. दोन्ही मिळून ‘कामिकाझे’, म्हणजे दैवी वारा. इथे मात्र ‘काझे’चे ‘गाझे’ झाले नाही. एका शब्दात ‘क’ बदलला, दुसऱ्यात तो जसाच्या तसा राहिला.

जपानी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न रोज भेटतो. तो शब्दकार्डे तयार करतो. कार्डाच्या एका बाजूला चिनी वळणाची दोन चित्राक्षरे आणि मागच्या बाजूला अर्थ. पण ही अक्षरे अर्थ दाखवतात, उच्चार नव्हे. ‘कागद’ या अर्थाचे अक्षर सुटे असो वा जोडशब्दात असो, ते सारखेच दिसते. ‘का’ म्हणायचे की ‘गा’, हे त्याच्या एकाही रेषेत लिहिलेले नसते. म्हणून आज संगणकावरच्या किंवा मोबाइलवरच्या कार्डाला शब्दाचा ध्वनिमुद्रित उच्चार जोडतात. ही सोय अलीकडची आहे, पण तिची गरज मात्र तेराशे वर्षांपूर्वीच जाणवली होती. लिहिलेल्या शब्दाला त्याचा आवाज कसा जोडावा, या खटपटीचा हा इतिहास आहे.

उसन्या लिपीची अडचण

जपानी भाषेला स्वतःची लिपी नव्हती. ती चीनमधून, कोरियामार्गे आली. चिनी आणि जपानी या दोन भाषांचे कूळ मात्र पूर्णपणे वेगळे आहे. त्यामुळे एकाच अक्षराला दोन प्रकारचे उच्चार चिकटले : एक चिनीवरून घेतलेला आणि दुसरा त्याच अर्थाचा मूळ जपानी शब्द. जोडशब्दात यांपैकी कोणता उच्चार घ्यायचा, हे शब्दागणिक ठरते. कधीकधी दोन्ही चालतात, पण अर्थ बदलतो. ‘शहर’ आणि ‘जागा’ या अर्थांची दोन अक्षरे एकापुढे एक लिहिली आणि ती ‘इचिबा’ अशी वाचली, तर अर्थ होतो भाजीपाल्याचा, मासळीचा बाजार. तीच ‘शिजो’ अशी वाचली, तर अर्थशास्त्रातली बाजारपेठ.

‘कोजिकी’ हा जपानचा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ ७१२ मध्ये ओ नो यासुमारो याने लिहून पुरा केला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने आपली अडचण मांडली आहे. सगळे अर्थावरून लिहावे तर मनातले नेमके उतरत नाही, आणि सगळे उच्चारावरून लिहावे तर मजकूर फार लांबतो. त्याने मधला मार्ग काढला. काही शब्द अर्थाने लिहिले, काही ध्वनीने. शिवाय जागोजागी बारीक अक्षरांत टिपा घातल्या. त्यांतल्या काही फार बोलक्या आहेत. उहिजिनी आणि सुहिजिनी या देवतांच्या जोडीत एका नावाच्या शेवटी ‘वर’ या अर्थाचे, तर दुसऱ्याच्या शेवटी ‘जाणे’ या अर्थाचे अक्षर लिहिले आहे. ही चिनी भाषेतल्या दोन सुरांची नावे आहेत. नाव म्हणताना आवाज कसा न्यायचा, याची ती सूचना आहे. कार्डावर उच्चार नोंदवण्याची निकड प्रथम दिसते ती इथे.

भिक्षूंचे ठिपके

पुढे नवव्या शतकात चित्राक्षरांना मुरड घालून ‘काना’ नावाच्या दोन ध्वनिलिप्या घडल्या. त्यांतली ‘काताकाना’ बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून आली. चिनी ग्रंथ वाचताना ते ओळींच्या मध्ये उच्चाराच्या खुणा करत, त्यासाठी अक्षरांचे तुकडे वापरत.

या लिपीच्या क्रमाशी आपलाही संबंध आहे. आ, इ, उ, ए, ओ हे स्वर आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा हा क्रम आहे. बौद्ध मंत्रांसाठी भिक्षू ‘सिद्धम्’ लिपी आणि संस्कृत वर्णमाला शिकत, तिच्यावरून तो बसवला गेला. आपल्या वर्णमालेशी ताडून पाहिले, तर ‘हा’ची जागा खटकते. न आणि म यांच्यामध्ये आपल्याकडे ‘प’ येतो. तिथे ‘ह’ का? कारण हा ध्वनी मुळात ‘प’ होता. तो ओठांवरून हळूहळू घशाकडे सरकला. म्हणूनच जोडशब्दात या ‘ह’चा ‘ब’ होतो. ‘हाना’ म्हणजे फूल, ‘ही’ म्हणजे अग्नी, आणि अग्नीचे फूल म्हणजे आतषबाजी ती ‘हानाबी’. पेन्सिलीसारख्या लांबट वस्तू मोजतानाही हेच होते : एकीला ‘इप्पोन’, दोनींना ‘निहोन’, तिनांना ‘साम्बोन’. तिन्ही ठिकाणी दुसरे अक्षर एकच लिहितात. उच्चार मात्र प, ह आणि ब असे तीन.

काना लिपीतही सुरुवातीला ‘का’ आणि ‘गा’ यांना वेगळी खूण नव्हती. सुमारे ११०० च्या आसपास सिद्ध झालेल्या ‘रुइजू म्योगिशो’ या कोशात मात्र अक्षरांभोवती ठिपके दिसतात. ठिपका डावीकडे खाली असेल तर सूर खालचा, डावीकडे वर असेल तर वरचा. एक ठिपका असेल तर व्यंजन कठोर, दोन असतील तर मृदू. एवढ्याशा ठिपक्यात दोन गोष्टींची नोंद झाली. विसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञ हारुहिको किंदाइची (१९१३-२००४) यांनी याच ठिपक्यांच्या आधारे नऊशे वर्षांपूर्वीच्या जपानी शब्दांचे चढउतार पुन्हा उभे केले. त्यांतले दोन ठिपके पुढे सुरापासून सुटले आणि ‘का’चा ‘गा’ करणारी आजची खूण बनले. सुराचा ठिपका मात्र रोजच्या लेखनातून नाहीसा झाला.

यानंतरची महत्त्वाची नोंद परक्यांनी केली. जेझुइट पाद्र्यांनी युरोपातून पाठवलेला छापखाना गोव्यावरून जपानला गेला. वाटेत १५८८ मध्ये गोव्यात त्यावर एक पुस्तिका छापली गेली, आणि १५९० मध्ये तो नागासाकीला पोचला. १६०३ मध्ये तिथल्या जेझुइटांनी सुमारे ३२,००० शब्दांचा जपानी-पोर्तुगीज कोश प्रसिद्ध केला. त्यात जपानी शब्द रोमन लिपीत आहेत. गोव्यात १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्सचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ही असेच रोमन लिपीत छापले गेले. रोमन लिपीत ‘क’ आणि ‘ग’ एकाच अक्षराआड लपू शकत नाहीत. त्यामुळे त्या काळचे उच्चार या कोशात स्पष्ट उतरले. आजचा ‘ह’ त्यात ‘फ’सारख्या ओष्ठ्य ध्वनीने लिहिला आहे. ‘प’कडून ‘ह’कडे चाललेला ध्वनी अर्ध्या वाटेवर असताना तिथे नोंदला गेला.

पस्तीस वर्षांचे वाचन

उच्चाराची नोंद अपुरी राहिली तर काय होते? याचे उत्तर ‘कोजिकी’नेच दिले. हजार वर्षांनंतर ग्रंथ हाती होता, अक्षरे ओळखू येत होती, पण तो मोठ्याने कसा वाचायचा हे खात्रीने सांगता येत नव्हते. मात्सुसाका गावचे वैद्य मोतोओरी नोरिनागा (१७३०-१८०१) यांनी १७६४ मध्ये हे काम हाती घेतले आणि १७९८ मध्ये पुरे केले. ‘कोजिकी’वरील त्यांचे भाष्य ४४ खंडांचे आहे. शब्दाशब्दाचा उच्चार आणि अर्थ ठरवण्यात एका विद्वानाची सुमारे पस्तीस वर्षे गेली. यासुमारोने टिपा घातल्या नसत्या, तर हे काम याहूनही अवघड झाले असते.

या अभ्यासात नोरिनागांच्या आणि त्यांचे गुरू कामो नो माबुची यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. जोडशब्दातल्या दुसऱ्या पदात आधीच एखादे मृदू व्यंजन असेल, तर त्याचे पहिले व्यंजन मृदू होत नाही. ‘काझे’मध्ये ‘झ’ आहे, म्हणून ‘कामिकाझे’. ‘कामी’मध्ये तसे काही नाही, म्हणून ‘ओरिगामी’. (म, न, र यांना जपानीत कठोर जोडीदार नाही, त्यामुळे ते इथे मोजायचे नाहीत.)

तरीही या नियमाला नाव मिळाले ते एका अमेरिकन भूवैज्ञानिकाचे. बेंजामिन स्मिथ लायमन याने १८७० मध्ये पंजाबातल्या तेलक्षेत्रांची पाहणी केली होती. १८७३ मध्ये तो जपान सरकारच्या नोकरीत रुजू झाला, आणि १८७६ मध्ये त्याचा होक्काइडो बेटाचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध झाला. खडकांचे थर पाहणाऱ्या या माणसाने जपानी जोडशब्दांच्याही याद्या केल्या आणि १८९४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. तेव्हापासून याला ‘लायमनचा नियम’ म्हणतात.

मराठी शाळेत आपण तृतीय-व्यंजन संधी शिकवतो : वाक् आणि ईश्वरी मिळून वागीश्वरी, षट् आणि रिपू मिळून षड्रिपू. तिथेही कठोराचे मृदू होते, पण बदलते ते पहिल्या पदाचे शेवटचे व्यंजन. जपानीत दुसऱ्या पदाचे पहिले व्यंजन बदलते. दुसरा फरक असा, की आपण झालेला बदल लिहून दाखवतो. चित्राक्षरे तो दाखवत नाहीत.

समासाशी असलेले साम्य याहून मनोरंजक आहे. ‘यामा’ म्हणजे डोंगर, ‘कावा’ म्हणजे नदी. दोन्ही अक्षरे जोडून ‘यामाकावा’ असे वाचले तर अर्थ ‘डोंगर आणि नद्या’. ‘यामागावा’ असे वाचले तर ‘डोंगरातली नदी’. म्हणजे पहिला द्वंद्व, दुसरा तत्पुरुष. लेखन एकच. समास कोणता, हे फक्त कानाला कळते. अशा शब्दाच्या कार्डावर उच्चार नसेल, तर ते कार्ड अर्थाचाही अर्धाच भाग सांगते.

हे नियम पाठ केले की काम भागले, असेही नाही. ‘ता’ म्हणजे शेत. ‘यामादा’ या आडनावात त्याचा ‘दा’ होतो, ‘फुजिता’ मध्ये होत नाही. टोयोटा मोटारीच्या संस्थापक घराण्याचे आडनाव ‘तोयोदा’ आहे. १९३६ मध्ये मोटारींसाठी ‘तोयोता’ हे रूप निवडले गेले. नियम आपल्याला कारण समजावून देतो, पण पुढच्या शब्दाची हमी देत नाही. तो शब्द ऐकलेलाच असावा लागतो.

छोटी अक्षरे आणि हरवलेला सूर

मेइजी काळात (१८६८-१९१२) छपाई वाढली आणि सामान्य वाचकांच्या वर्तमानपत्रांत चित्राक्षरांच्या बाजूला बारीक काना अक्षरांत उच्चार छापू लागले. त्यांना ‘फुरिगाना’ म्हणतात. (या शब्दातही ‘काना’चा ‘गाना’ झाला आहे!) कमी शिकलेल्यांनाही त्यामुळे वर्तमानपत्र वाचता आले. पुढे मात्र त्यावर टीका झाली. १९३८ मध्ये लेखक युझो यामामोतो यांनी फुरिगानाची गरज पडावी इतके अवघड लिहूच नये, असे मत मांडले. १९४६ मध्ये सरकारने नित्य वापराच्या १,८५० अक्षरांची यादी जाहीर केली, तेव्हा शक्यतो फुरिगाना वापरू नये असे तिच्यात सांगितले होते. तरी मुलांच्या पुस्तकांत आणि चित्रकथांत ही छोटी अक्षरे टिकली.

फुरिगानाने ‘का’ की ‘गा’ हा प्रश्न सोडवला. पण भिक्षूंच्या ठिपक्यातला दुसरा अर्धा भाग, म्हणजे सूर, त्यातही नाही. जपानीत सुराच्या चढउताराने अर्थ बदलतो. टोकियोच्या बोलीत ‘हाशी’ या शब्दात ‘हा’ उंच असेल तर जेवणाच्या काड्या, ‘शी’ उंच असेल तर पूल. आपल्या वेदपाठातील उदात्त-अनुदात्त आठवले, तर याची थोडी कल्पना येईल.

जोडशब्दात हा सूर नव्याने बसतो. ‘तोक्यो’ हा शब्द सुटा म्हटला तर एकदा चढून सपाट जातो, मध्ये कुठेही उतरत नाही. ‘दाइगाकु’ म्हणजे विद्यापीठ. तोही तसाच सपाट. पण ‘तोक्यो-दाइगाकु’ असा जोडशब्द म्हटला, की ‘दा’नंतर आवाज एकदम खाली येतो. दोन्ही पदांत नसलेला उतार समासात उत्पन्न होतो. म्हणजे दोन पदांचे उच्चार सुटे मुद्रित करून एकापुढे एक चिकटवले, तर प्रत्येक तुकडा बिनचूक असूनही जोडशब्द चुकतो.

सुराची नोंद कोशांत परत आली ती १८९२-९३ मध्ये. बिम्यो यामादा या लेखकाने आपल्या कोशात शब्दांचे स्वराघात पद्धतशीरपणे दिले. १९२५ मध्ये टोकियोत नभोवाणी सुरू झाली आणि निवेदकाने शब्द कसा उच्चारावा, हा रोजचा प्रश्न झाला. जपानी नभोवाणी संस्थेने, म्हणजे एनएचकेने, १९४३ मध्ये स्वराघात-कोश काढला. तो वेळोवेळी सुधारला गेला आणि त्याची नवी आवृत्ती २०१६ मध्ये आली. शब्दावर एक रेघ किंवा उताराची खूण, एवढेच त्याचे स्वरूप. जाणकाराला ती पुरते. पण तो उतार ज्याने कधी ऐकलेला नाही, त्याला खुणेवरून काय कळणार?

कार्डाला आवाज

दरम्यान शब्दकार्डांचाही स्वतंत्र इतिहास घडत होता. १८८५ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःच्याच विस्मरणाचे मोजमाप प्रसिद्ध केले. उजळणी एकदम करण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली अधिक टिकते, हे त्यातून दिसले. १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनर या विज्ञान-पत्रकाराने खोक्याची सोपी पद्धत लोकप्रिय केली. आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेले पुन्हा पहिल्या कप्प्यात. पोलंडच्या पियोत्र वोझ्नियाक याने १९८७ मध्ये ही अंतरे मोजण्याचे काम संगणकाकडे दिले. २००६ मध्ये डेमियन एल्म्स याने जपानीच्या अभ्यासासाठी ‘अंकी’ ही आज्ञावली लिहिली. ‘अंकी’ म्हणजे जपानीत पाठांतर. हा शब्दही दोन चित्राक्षरांचा जोडशब्दच आहे.

कार्डाला आवाज जोडण्याची कल्पना संगणकाच्याही आधीची. १९६०च्या दशकात अमेरिकी शाळांत ‘लँग्वेज मास्टर’ नावाचे यंत्र होते. जाड कार्डाच्या खालच्या कडेला चुंबकीय फितीची पट्टी चिकटवलेली असे. कार्ड यंत्रातून सरकवले की शिक्षकाचा आवाज ऐकू येई. त्याच पट्टीवर विद्यार्थी आपला आवाज भरून दोन्हींची तुलना करी. यंत्र महाग होते, पण तुलनेची ती सोय मोलाची होती.

आता हे सारे खिशातल्या फोनवर होते, आणि नवे प्रश्न येतात. हजारो कार्डांना आवाज कोण देणार? यंत्राच्या तयार आवाजाला आधी ‘इचिबा’ की ‘शिजो’ हे ओळखावे लागते. एकटा शब्द दिला तर वाक्याचा आधार नसतो आणि अंदाज चुकतो. चुकलेला उच्चार मग प्रत्येक उजळणीला ऐकू येतो आणि तितकाच पक्का होतो. २०१२ मध्ये टोकियो विद्यापीठातल्या नोबुआकी मिनेमात्सु यांच्या गटाने शिकणाऱ्यांसाठी ध्वनीसह स्वराघात-कोश सर्वांना खुला केला. त्यामुळे पडताळणीची सोय झाली.

याहून खोल प्रश्न आहे तो आवाज कोणाचा, हा. पूल आणि काड्या यांचा टोकियोतला चढउतार क्योतोत नेमका उलटा होतो. फुकुशिमा, इबाराकी, मियाझाकी या भागांत तर सुराने असा फरक करतच नाहीत. तिथले लोक अशुद्ध बोलतात असे म्हणता येईल का? नभोवाणीने टोकियोचा सूर प्रमाण ठरवला, तो व्यवहारासाठी. कार्डावर आवाज भरणारा माणूस नकळत हीच निवड करत असतो. तेव्हा हा उच्चार कुठला आहे, हे कार्डावर लिहिणे अधिक प्रामाणिकपणाचे.

आपल्या वर्गासाठी

महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, जपानी शिकणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. १९८४ पासून चालत आलेल्या जपानी भाषा-प्रावीण्य परीक्षेत वाचन आणि श्रवण असते, पण विद्यार्थ्याला बोलून दाखवावे लागत नाही. त्यामुळे डोळ्याने हजारो शब्द ओळखणारा विद्यार्थीही तोंड उघडताना अडखळू शकतो. अशांना तीन गोष्टी सांगता येतील. आवाज पूर्ण जोडशब्दाचा घ्यावा, पदांचे तुकडे चिकटवू नयेत. ज्या अक्षरांचे दोन उच्चार होतात, त्यांची दोन कार्डे करावीत आणि प्रत्येकावर एक छोटे वाक्य द्यावे. आणि ऐकण्याआधी स्वतः मोठ्याने म्हणावे, मग ऐकून ताडून पाहावे.

पण हे केवळ जपानीपुरते नाही. आपली लिपी जशी लिहितो तशी वाचतो, असे आपण मुलांना सांगतो. ते पूर्ण खरे नाही. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले दोन ‘च’ वेगळे आहेत, लिपीत एकच. ‘करवसुली’ हा शब्द मराठी मूल ‘कर्-वसुली’ असा वाचते, कारण समास कुठे जोडला आहे हे त्याला ठाऊक असते. घरी दुसरी भाषा बोलणारे मूल तो निराळ्या ठिकाणी तोडते आणि वर्ग हसतो. त्या मुलाची चूक काय? त्याने लिहिले होते तेच वाचले. त्याच्या कार्डावर आवाज नव्हता, इतकेच.

अशा मुलांसाठी वर्गानेच जोडशब्दांची कार्डे करावीत आणि एकमेकांच्या आवाजात ती भरावीत. काम थोड्या तासांचे आहे. नोरिनागांना त्यासाठी पस्तीस वर्षे द्यावी लागली, कारण ज्यांना तो उच्चार येत होता त्यांतले कोणीही विचारायला उरले नव्हते.